एकविसावा दाणा

सुगीच्या उपासनेत आज वेदीपुढे हरभऱ्याचे डहाळे होते. त्या आंबट वासाने मला धुळ्यातली आमच्या चर्चच्या मंडळीची सभा आठवली. मिशनपासून वेगळं व्हायचं का, हे दाणे टाकून ठरणार होतं: राहायचं तर हरभरा, सोडायचं तर तूर. मंडळी फुटेल या भीतीने मी गुपचूप दोन हरभरे टाकले.

सोडू म्हणणाऱ्यांचा पुढारी सायमनभाऊच दाणे मोजत होता. माणसं वीस, दाणे एकवीस, हरभरा एकाने पुढे. त्याने सगळ्यांकडे पाहिलं. माझी मान खाली गेली. त्याने एक तूर उचलून तोंडात टाकली आणि म्हणाला, "वीसना वीस, बठ्ठं बरोबर शे. ऱ्हावानं ठरनं."

बाहेर मी त्याची माफी मागू लागलो. तो म्हणाला, "फुटनूत नही ना आपन? मंग चूप ऱ्हाय, भो."

आता तो नाही, म्हणून सांगतो. लबाडी माझी होती. आजही आम्ही एकत्र बसतो ते त्याच्यामुळे.