पाटलांच्या पेटीतला शिक्का आणि देवराव गुरुजी

रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर लोखंडी गज आपटला की उठणारा ‘टण्ण’ मला आजही ऐकू येतो. तीच आमच्या, मध्य प्रदेशातल्या रामाकोन्याजवळच्या, शाळेची घंटा. देश नुकताच स्वतंत्र झालेला, मी नवा मास्तर. घंटा झाली तरी मुलांकडून कविता चालीवर म्हणून घेत होतो. दारात पुढच्या तासाचे देवराव गुरुजी उभे. हसून म्हणाले, “होऊ द्या पुरी कविता. नागरिकशास्त्र थांबते.”

थांबणे हा त्यांचा स्वभावच. निवृत्तीनंतर, ऐंशी सालाच्या सुमारास, ते सरपंच झाले. तोवर पाटीलच सरपंच; पंचायतीचे रजिस्टर आणि शिक्का त्यांच्या घरी पेटीत असत. दाखल्यासाठी त्यांच्या ओसरीवर जावे लागे. बौद्ध वस्तीतली माणसे पायरीखालीच उभी राहत. हरलेल्या पाटलांनी पेटी दिली नाही. पोरे कुलूप फोडायला निघाली, तेव्हा गुरुजी म्हणाले, “फोडून आणलेला शिक्का उद्या कोणीही फोडून नेईल.” त्यांनी शाळेतला रूळ वाजवून सभा बोलावली, सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसवले, कोऱ्या वहीत ठराव लिहिले. सौंसरच्या तहसिलीतून हुकूम आला, तेव्हा कुठे पेटी मिळाली.

पुढच्या निवडणुकीत पाटील जिंकले. दुसऱ्याच सकाळी गुरुजी पेटी घेऊन निघाले. मी चिडलो. “काहून नेऊन राहिले, गुरुजी? त्यायनं देल्ली होती का तुमाले?”

“म्हणूनच नेऊन राहिलो. कोणीतरी पहिल्यांदा नेऊन द्यावं लागते, बाप्पा. नाहीतर इंग्रज गेले न् पेटी तिथंच!”

आम्ही दोघे शाळेत होतो तेव्हा, माझी पत्नी आजारी असताना त्यांनी महिनाभर माझे वर्ग सांभाळले. कवितेचाही तास घेतला. चाल साफ चुकवली; मुले मला ती पुढे वर्षभर ऐकवत होती.

तेव्हापासून सरपंच असलेले पाटील यंदा हरले. निवडून आले वस्तीतले शेतमजूर सीताराम. आता पेटी निघते की नाही, गावभर हीच चर्चा.

गुरुजींच्या पंचाहत्तरीनिमित्त हा लेख त्यांच्याच बैठकीत बसून लिहितो आहे. पंचाहत्तरीनंतरही त्यांचे पाय आणि डोळे असेच धड राहोत, शंभराव्या वर्षीही सभेत त्यांनी आम्हाला टोकावे, एवढीच...

इतक्यात कडी वाजली. दारात पाटील, काखेत पेटी.

“गुरुजी, चला संगं,” ते खाली पाहत म्हणाले. “सीतारामच्या घरी कधी गेलो नाही. वाट दाखवा.”

गुरुजी चपला शोधू लागले.