एकाच खेपेत
शेलूबाजारच्या फाट्यावर डिझेलचा आणि नव्या सोयाबीनचा वास एकदम नाकात शिरला, की मला ती जीप आठवते. आमच्या भागातल्या शेतकरी गटासाठी मी हरभऱ्याच्या बियाणेवाटपाचा प्रोग्राम लिहिला होता. डेटाबेसला, म्हणजे माहितीच्या साठ्याला, विचारायचे प्रश्न माझ्याऐवजी एक लायब्ररीच, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोडच लिहायचा, त्याची मला कोण मिजास! पण शेतकऱ्यांची नावं गावांसकट मागितली, की लॅपटॉपचा पडदा कितीतरी वेळ पांढराच राहायचा. "उद्या वाटप हाय, अन् हे तं झोपून राह्यलं! लोक मलेच खातीन," गटाचे अध्यक्ष करवादले होते. तेच डोक्यात घेऊन, मांडीवर लॅपटॉप उघडून मी गावाकडच्या जीपमध्ये बसलो. जीप काही हलेना. "निघा ना काका," मी वैतागलो. "तुया एकट्यासाठी कायले दवडू गाडी? सारे बसू दे, एकाच खेपेत नेतो," ड्रायव्हर म्हणाला, आणि मी चमकलोच. माझी लायब्ररी नेमकी एकेकट्यासाठी गाडी दवडत होती. प्रत्येक शेतकऱ्याचं गाव आणायला डेटाबेसकडे वेगळी खेप! मी एक ओळ वाढवली: शेतकऱ्यासोबतच त्याचं गावही आण. यादी झटकन उमटली. शेजारच्या मावशी मांडीवरचं टोपलं सावरत पडद्यात डोकावल्या. "जमलं का बाप्पा?" "जमलं, मावशी." कशाचा ते न कळताच साऱ्या जीपला आनंद झाला. आता मी पुण्याहून स्वतःच्या कारने गावी येतो. फाट्यावर जीपा अजून तशाच भरत असतात. माझ्या मागच्या सीटवर फक्त लॅपटॉपची बॅग असते.