चाऊसांच्या वावरात मेंढरं

पाचोडच्या स्टँडवर बानं मला औरंगाबादचा जो रस्ता सांगितला, तो मेंढरांचा होता. एसटी कुठं थांबते, मुलींचं हॉस्टेल कुठल्या गल्लीत आहे, यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "आधी बाभळीची रांग लागंल. मंग एक बुजलेली हीर. म्होरं पाण्याची टाकी दिसंल, ती डाव्या अंगाला धर, म्हंजी चाऊसांचं वावर आलंच. काय अडलं तर तिथं जाय. माझं नाव सांग." कॉलेजात नाव घातलेल्या मला हसू आवरत नव्हतं. गाडी निघाली तेव्हा त्यानं हात हलवला नाही. कळप रस्ता ओलांडताना धरतो तशी काठी आडवी धरून तो मध्येच उभा राहिला. माझी गाडी वळेपर्यंत त्यानं मागची जीप अडवून धरली होती.

आम्ही धनगर. सुगी झाली की बा कळप घेऊन निघायचा आणि वाटेतल्या शेतांत मेंढरं बसवायचा. रात्रभर मेंढरं बसली की वावराला खत मिळतं आणि शेतकरी धनगराला जवारी देतो. चाऊसांचं वावर म्हणजे त्याचा शेवटचा मुक्काम. म्हातारे चाऊस निघताना दरवर्षी म्हणायचे, "सखाराम, अगले साल भी इधरीच आना." बाच्या लेखी त्या वावराला तेवढीच लिखापढी होती.

तुम्ही जे गावात राहिलात, त्यांना सुमन आठवत असेल. बौद्धवाड्यातली, माझ्या बाकावरची. तिचा भाऊ शहरातून गुलाबी-पिवळ्या कागदावरची चळवळीची पत्रकं आणायचा आणि आम्ही दोघी ती मेंढरांमागं चालत मोठ्यानं वाचायचो. अक्षरं मला शाळेनं शिकवली, पण वाक्य ताठ कसं उभं राहतं हे त्या पत्रकांनी शिकवलं. मग विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. आपल्या गावात घरं जळली नाहीत, हे तुम्ही अजून अभिमानानं सांगता. पण बौद्धवाड्याला गिरणी बंद झाली, दुकान बंद झालं, कुणी कामाला बोलवेना. सुमनचं घर एका सकाळी भांडीकुंडी घेऊन निघून गेलं. माझा बा त्यांच्या दारावरून समोर बघत चालायचा. मी भांडले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मेंढरं गावच्या रानावर जगत्यात, पोरी."

शहरात आल्यावर मी पहिलं पत्रक लिहिलं ते गप्प बसणाऱ्यांवर. छापून आलं तेव्हा मोर्चात वाटलं, कॉलेजच्या भिंतीवर डकवलं. बाला मात्र वाचून दाखवलं नाही.

तेव्हा औरंगाबाद वर्षावर्षानं उंच होत होतं. मी आले तेव्हा हॉस्टेलच्या गच्चीवरून मशिदींचे मिनार, जुन्या शहराचे वेशीदरवाजे आणि ती टाकी एवढंच काय ते आभाळात घुसलेलं दिसायचं. मग चिकलठाण्याचे भोंगे वाढले, वाळूजला कंपन्या आल्या, सिडकोत घरांच्या रांगा लागल्या. जालना रोडला लिफ्टची इमारत झाली म्हणून आम्ही मुली ती बघायला गेलो आणि वॉचमननं हाकलेपर्यंत खाली-वर करत राहिलो. मला हे शहर आवडलं. खोली भाड्यानं मागताना इथंही आधी आडनाव विचारतात, मजले वाढले म्हणून माणूस उंच होत नाही, हे मी चार पत्रकांत लिहिलंय. तरी आवडलं. सुमनही इथंच होती. तिची आई, कडूमावशी, बांधकामावर घमेली वाहायची.

एका सकाळी सुमन धापा टाकत हॉस्टेलवर आली. म्हणाली, "तुझा बा आमच्या साइटवर आलाय. कळप घेऊन."

झालं होतं ते असं. नव्या इमारतींमागं टाकी लपली होती, तरी बानं बुजलेल्या विहिरीवरून वाट काढली आणि दिवस मावळता चाऊसांचं वावर गाठलं. चाऊस वारले होते, मुलांनी जमीन बिल्डरला दिली होती. बाला खांब दिसले. त्याला वाटलं, गोठा बांधतायत. बोलणं झालेलं, जागा तीच. मऊ जमीन पाहून त्यानं मेंढरं बसवली, ती प्लास्टरच्या चाळलेल्या वाळूवर.

आम्ही पोचलो तेव्हा मुकादम डोक्याला हात लावून म्हणत होता, "मामू, ये रेती है, खेत नई." वाळूभर लेंड्या होत्या. मेंढरं तहानेनं ओरडत होती आणि पाण्याच्या हौदापाशी पाइप हातात धरून कडूमावशी उभी होती.

"सखादादा, वळखलं का?"

"व्हय," बा म्हणाला.

"गावात तुमची मेंढरं आमच्या दारात थांबायची. शेवग्याचा पाला वरबडायची. तुमीच तेवढे म्होरं बघून चालायचे."

माझं अख्खं पत्रक तिनं तीन वाक्यांत सांगितलं होतं. मी बाच्या तोंडाकडं बघत राहिले. तो आता रागावेल, की काठी उचलून कळप वळवेल?

त्यानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला. "भ्यालो व्हतो, कडूबाई."

"भ्यालो तर आमीबी व्हतो. आमाला गाव सोडावं लागलं, येवढाच फरक." तिनं पाइप घमेल्यात सोडला. "पाजा आधी. मुकी हायेत."

मेंढरांचं झाल्यावर तिनं तांब्या भरून त्याच्यापुढं धरला. साइटवर आपल्या गावचे दोघे मजूर होते, काम थांबवून बघत होते. बानं त्यांच्याकडं एकदा पाहिलं. मग तांब्या घेऊन, ओठ लावून, संपेपर्यंत प्याला.

त्यानंतर दुपारपर्यंत चाळण चालली. चाळणीचं एक टोक बाच्या हातात, दुसरं कडूमावशीच्या. "राहू द्या थोडं खत," ती म्हणत होती, "इमारत जोमात यील." मुकादमही हसला.

बातमी बाच्या आधी गावात पोचली. त्या वर्षी आपल्या गावात कुणी त्याची मेंढरं वावरात बसवली नाहीत. तुमच्यापैकी कितीजणांनी दारं लावून घेतली ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही. त्यानं कुणाची माफी मागितली नाही. पाण्याचं खरं का, असं पारावर विचारल्यावर त्यानं "व्हय, थंड व्हतं" म्हणून सांगितलं. पुढं शहराकडची वावरंही प्लॉट होत गेली आणि कळप निम्मा झाला. मला बाची काळजी वाटायची. आणि लाज वाटण्याऐवजी मान वर होईल असा बाप मिळाल्याचं सुखही.

नामांतर झालं त्या दिवशी आम्ही विद्यापीठाच्या कमानीपाशी घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. नंतर बा एसटीनं आला आणि म्हणाला, वावर दाखव. तिथं आता सहा मजले आहेत. कडूमावशी, तो आणि मी जिन्यानं चढलो. लिफ्टमध्ये बसायला तो तयार झाला नाही. तिसऱ्या मजल्यावर त्यानं भिंतीच्या गिलाव्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "गुळगुळीत झालाय." गच्चीवरून त्यानं टाकी शोधली. सापडली नाही. मावशीनं खांद्याला धरून वळवलं तेव्हा दोन इमारतींच्या फटीत तिचा तुकडा दिसला.

बाच्या खुणा बुजल्या म्हणून मला वाईट वाटलं होतं. पण गेल्या महिन्यात आपल्याच गावची, पाटलांच्या शेजारची एक मुलगी शिकायला इकडं निघाली. बा तिला स्टँडवर सोडायला गेला होता. चारचौघांत, मोठ्या आवाजात त्यानं तिला रस्ता सांगितला. त्यात बाभळी नव्हत्या, टाकी नव्हती. "कडूबाईचं घर इचार. माझं नाव सांग."

मुलगी आली तेव्हा मी मावशीकडंच भाकरी खात होते. दारात पिशवी घेऊन उभी राहिली आणि सखारामदादांनी पाठवलंय म्हणाली. मावशीनं तिच्याकडं पाहिलं, मग वाकून तिच्या मागं पाहिलं.

"आत ये," ती म्हणाली. "मेंढरं नाय ना आणली?"