साडूंच्या गरम मुठी

माझ्या थोरल्या साडूंइतका स्वतःच्या हातांवर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल. डोळे त्यांना फसवे वाटत, कान हलके, आणि तोंडी माहिती तर त्यांच्या लेखी निव्वळ वारा. वस्तू हातात आली की ती खरी. माझ्या लग्नाच्या मांडवात आमची पहिली गाठ पडली, तेव्हा त्यांनी नमस्काराआधी माझ्या सुटाची बाही दोन बोटांत धरून चोळली आणि शेजारच्या पाहुण्याला सांगितलं, निम्मं नायलॉन आहे. तो सूट अस्सल लोकरीचा असल्याचं मी सकाळपासून सगळ्यांना सांगत फिरत होतो. पुढे माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी तिचं जावळ तसंच चिमटीत धरलं आणि 'लांब धाग्याचं' असल्याचा निर्वाळा दिला. हा मोठाच आशीर्वाद मानला गेला, कारण साडू कापसाचे ग्रेडर होते.

खरेदी केंद्रावर कापसाची गाडी आली की हे चिमूटभर कापूस घेत, दोन अंगठ्यांमध्ये धरून ओढत, तुकडे जुळवून पुन्हा ओढत, आणि शेवटी चिमटीत उरलेल्या धाग्यावरून प्रत सांगत. शेतकऱ्याचं वर्ष त्या चिमटीत असे, आणि साडूंचा शब्द कुणी खोटा पाडल्याचं मी ऐकलं नाही. पंचाईत एवढीच, की कापसाचा हंगाम ऐन थंडीत. साडू धुळ्याहून झुंजुमुंजू असताना फटफटीवर निघत, कधी नरडाण्याला तर कधी पारोळ्याला, आणि पोचेपर्यंत बोटांची लाकडं झालेली असत. हातमोजे घालावेत, तर त्यांना त्यातून क्लच कळत नसे. मग चहाचा गरम ग्लास धरून ते अर्धा तास बसत आणि गाडीवाले एकमेकांना सांगत, "साहेब आले, पण त्यांचे हात अजून यायचे आहेत."

फटफटी लष्कराच्या लिलावातली, अवजड आणि म्हातारी. तिच्यावरून अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीला, मागे बसवून ते ओंकारेश्वर, उज्जैन करून आले होते. एकदा आग्रा रोडवरच्या एका धाब्यावर त्यांना एक गोरं जोडपं भेटलं. त्यांचीही गाडी अशीच जुनी, लांबच्या प्रवासाची. साडूंनी परवानगी बिरवानगी न विचारता तिचं हॅण्डल धरलं, तर मुठी गरम. आत विजेची तार होती. घरी येऊन त्यांनी अक्काच्या हातातली इस्त्री काढून घेतली आणि अक्काला ती पुन्हा दिसली नाही. इस्त्रीतली तार, इस्त्रीतलाच अभ्रक आणि वरून सायकलच्या ट्यूबचं रबर, अशा साडूंच्या गरम मुठी तयार झाल्या. त्यानंतर बरीच वर्षं त्या घरातले कपडे गादीखाली घालून सरळ होत असत.

मुठींनी पहिल्या हिवाळ्यात हरतऱ्हेची नाटकं केली. कधी रबर जळाल्याचा वास, कधी बॅटरी बसलेली, कधी डावी चटका देणारी आणि उजवी कोमट. शेवटी त्यांनी दोन्ही मुठी एकाच तारेवर, एकीतून दुसरीत अशा जोडल्या, तेव्हा कुठे उष्णता सारखी झाली. पाहुणा दारात आला की त्याला पाण्याचा तांब्या नंतर, आधी मुठी धरायला लावत. मला तर दर भेटीला धराव्या लागत. विजेतलं मला फ्यूज उडाला एवढंच कळतं, तेही अंधार झाल्यावर, पण मी गंभीर चेहऱ्याने धरत असे आणि मान डोलवत असे.

दुसऱ्या हिवाळ्यात संक्रांतीनंतरच्या एका रविवारी आम्ही दोघेही जावई सहकुटुंब जामनेरजवळ सासुरवाडीला जमलो. आमचं सासर केळीवाल्यांचं, माणसं लाख, पण थोरल्या जावयाला 'नाही' म्हणायची त्या घरात रीत नव्हती. थोरल्या जावयाने कढीला छान म्हटलं की खारट कढीही सगळे छान म्हणून पीत. साडू धुळ्याहून आले ते जरा गप्पच. गाडी चालू ठेवून त्यांनी सासऱ्यांना मूठ धरायला लावली आणि विचारलं, "गरम शे ना?"

"गरम हाये की, पाहुणे," सासरे म्हणाले.

मग मेव्हण्याने धरली. त्याने तर हात झटकून चटका बसल्यासारखं केलं. शेवटी मी. मूठ हापशाच्या दांड्यासारखी गार होती. पण दोन माणसांनी गरम सांगितलेली मूठ धाकट्या जावयाने गार कशी म्हणायची? मी म्हटलं, "छान गरम आहे, भाऊ." साडूंनी स्वतः पुन्हा धरली, बराच वेळ धरून उभे राहिले आणि गाडी बंद करून आत गेले.

दुपारी पुरणपोळीवर आडवे व्हायचं सोडून त्यांनी मला केळीच्या बागेकडे नेलं. पाटाच्या कडेला बसून खिशातून घडी केलेला कागद काढला. अर्ज होता. ग्रेडिंगच्या कामावरून काढून ऑफिसात टेबलावर बसवावं, अशी विनंती. उद्या नरडाण्याला साहेबांच्या हातात द्यायचा होता.

"पंधरा दिन व्हयनात, भो," ते म्हणाले. "बठ्ठा लोक म्हणतस गरम शे. माले काहीच लागत नाही. मना हात मरी गयात." बोटं मरतात हे त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. तेव्हापासून त्यांना चहाचा ग्लासही कोमट लागत होता आणि कापूसही परका वाटू लागला होता. दुसऱ्याचं वर्ष असल्या हातांत घेणं पाप आहे, असं ते म्हणाले, आणि तळवे उघडे धरून माझ्यासमोर बसून राहिले.

त्या पंधरा दिवसांत कुणाकुणाला मुठी धरायला लावल्या, ते मी विचारलं. केंद्रावरचा शिपाई, हमाल, दोन शेतकरी. एकालाही ग्रेडरसाहेबांना गार म्हणायचं धाडस झालं नसणार. माझे कान तापले.

"भाऊ, मूठ गार आहे," मी म्हटलं. "सकाळीही गारच होती. मी खोटं बोललो."

"आन् सासरा?"

"तेही. सगळेच."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आता पाटात ढकलतात. तसं न करता त्यांनी माझी बाही धरली, हळूच चोळली आणि म्हणाले, "हाई तरी सुती शे." मग ते तरातरा घराकडे निघाले.

ओसरीवर पक्कड, चाकू, बॅटरीचा बल्ब मांडला गेला. ॲक्सिलरेटरच्या मुठीचं रबर कापताच दोष सापडला. मूठ दर वेळी पिरगळली की आतली तार ताणली जायची, ती वेष्टनाच्या आत तुटली होती, आणि दोन्ही मुठी एकाच तारेवर म्हणून दोन्ही गार. बल्ब लावून पाहिला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण सगळे गरम म्हणत असताना बल्ब कोण लावणार? साडूंनी या वेळी तारेला सैल वेढा ठेवला. कापलेलं रबर बांधायला चिंधी हवी होती, तर आधी अर्जाच्या कागदाचा थर दिला आणि वरून चिंधी गुंडाळली. ओसरीच्या कोपऱ्यात वेचणीचा कापूस होता, त्यातली चिमूट ओढून बघत ते बराच वेळ स्वतःशीच प्रत पुटपुटत होते.

ऊन कलल्यावर अक्का शाल घेऊन मागे बसायला निघाली. गाडी चालू होती. सासरे पुढे झाले, मूठ धरली आणि म्हणाले, "अजून गार हाये, पाहुणे. थांबा थोडं."

त्या घरात थोरल्या जावयाला कुणी असं काही सांगितल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी हळूच हात लावला. मूठ चांगली गरम होती. सासऱ्यांना त्यानंतर फार हिवाळे मिळाले नाहीत, पण तेव्हा ते कुणाला माहीत होतं? साडूंनीही मूठ धरली, नीट, दोन्ही हातांनी, आणि त्यांच्या हातांना आता कसलीच शंका नव्हती.

"हां," ते म्हणाले, "गार शे." आणि इंजिन बंद करून ते सासऱ्यांशेजारी पायरीवर जाऊन बसले.