डार्क सागवान

लाकूडकामाची मला मुळात हौस नाही. हौस असते ती कामावरून आल्यावर पाय पसरून मोबाईलवर व्हिडिओ बघणाऱ्यांना. मी करवत हातात घेतली ती घाणीपायी.

आम्ही बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत तळमजल्यावर राहतो. गेल्या पावसाळ्यात उल्हास नदी घरात शिरली. म्हणायची नदी, आलं ते गटार. संडासाच्या भांड्यातून उलटं वर आलेलं पाणी मी, शी, स्वयंपाकघरातल्या टोपाने उपसलं. बायकोने तो टोप नंतर भंगारात दिला, तरी कितीतरी दिवस मला भातालाही तोच वास यायचा. फिनेल झालं, चुना झाला, भिंतींना नवा रंग झाला. त्या रंगातूनच बुरशी परत वर आली, काळी, केसाळ. बाहेरून येऊन दार उघडलं की कुबट भपकारा नाकात. स्वतःच्याच घराची शिसारी यायची.

मुलगी बारावीला. एका संध्याकाळी तिने वही नाकाशी धरली आणि ओकारी आल्यासारखं तोंड केलं. "पप्पा, नवीन वहीला पण वास मारायला लागला." दुसऱ्या दिवशी बॅग भरून ती मामाकडे अंबरनाथला गेली. तिसरा मजला, ऊन, वारा. "परीक्षेपुरतंच हो," बायको म्हणाली. परीक्षेपुरतं म्हणे! पोरगी एकदा सुक्या घरात राहायला लागली की या डबक्यात कशाला परत येईल? मला ती घरी हवी होती. तिच्यावाचून घर खायला उठत होतं, आणि हे बोलायचं तरी कुणापाशी?

जाता जाता तिने टेबलाच्या नावानेही बोटं मोडली होती. पेनं, पट्ट्या, कॅल्क्युलेटर, चार्जर, सगळा नुसता उकिरडा, यात वही ठेवू कुठे? मी तेवढंच धरून बसलो. भिंत माझ्या हातात नव्हती, टेबल तरी होतं. ठरवलं, त्याच्यावर ठेवायला खणाखणांचं एक लाकडी खोकं स्वतः करायचं. तेही सागवानाचं. सागवान पाण्याला दाद देत नाही, एवढं मलाही माहीत होतं.

रविवारी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेलो. "सागवान चाहिए," म्हणालो. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "डार्क या लाईट?" इथेच माझं डोकं ठिकाणावर हवं होतं. पण मी आपला ऐटीत, "डार्क!" त्याने मशीनवर मापाच्या फळ्या कापून दिल्या. सगळ्या कशा एकसारख्या, गाठ नाही, डाग नाही. मी खूश.

घरी करवत लावली आणि भुसा घशात बसला. डोळे झोंबायला लागले. आनंदनगरच्या आमच्या केमिकल कंपनीत एखादा ड्रम गळायला लागला की येतो, तसला वास. मी मनाची समजूत घातली, नवीन लाकूड आहे, असेल. पहिलाच हात, त्यामुळे खण वाकडे झाले, तळ सूतभर बाहेर आला, सांध्यांतून गोंद शेंबडासारखा ओघळला. पण खोकं उभं राहिलं. पुसूनबिसून टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलं.

आठवडाही टिकलं नाही. भिंतीची ओल ओढून ते खालून फुगलं, चहात विसरलेल्या टोस्टसारखं. बोट लावलं तर लगदा. वरचा सागवानी कागद सालासारखा सोलून हातात आला आणि आत काय, तर दाबून बसवलेला भुसा. तो चिकट लगदा नखांत गेला. साबणाने तीनतीनदा धुतलं तरी किळस जाईना.

ते सगळं पिशवीत भरून परत त्याच दुकानात. पिशवी काउंटरवर उपडी केली. "ये सागवान है?"

"अंकल, सागवान तो कलर का नाम है," तो शांतपणे म्हणाला. "लकड़ी चाहिए तो असली सागवान बोलने का."

लबाडी केली असं त्याच्या तोंडावर काही नव्हतंच. अख्खा बाजार तसंच बोलतो. मला त्या माणसाचा नाही, त्या शब्दाचाच वीट आला. उद्या दूध मागितलं तर पांढरं पाणी देतील आणि वर सांगतील, दूध तो कलर का नाम है! दुकानाबाहेर आलो आणि पचकन थुंकलो. मग रस्त्यावर थुंकल्याची स्वतःचीच घाण वाटली.

मुकाट्याने परत आत गेलो आणि 'असली' म्हणालो. दाराच्या चौकटींचे उरलेले तुकडे मिळाले. जड, गाठीचे, एकाचा रंग दुसऱ्याला नाही. करवत चालता चालेना, तळहाताला फोड आले. पण कापताना जो वास सुटला ना, आहाहा! पुरानंतर त्या घरात पहिल्यांदा काहीतरी हुंगावंसं वाटलं. पॉलिश पेपरने घासून घासून मी ते खोकं गालाला लावण्याइतकं गुळगुळीत केलं. खण अजूनही थोडे वाकडेच होते.

रविवारी मुलगी जेवायला आली. आल्या आल्या नाकाला ओढणी. टेबलापाशी गेली, खोकं उचललं, नाकाशी नेलं, आणि ओढणी खाली आली. "पप्पा, तुम्ही केलंत? खरंच?" तिने एकेक पेन खणात लावलं, पट्टी उभी केली, कॅल्क्युलेटर बरोबर बसला. मी बायकोकडे बघितलं. म्हटलं, जमलं. आता राहते.

जेवण झाल्यावर तिने ते पेनांसकट उचललं. "मी हे मामाकडे नेऊ?"

"अगं, इथेच राहू दे की," मी म्हणालो. "सागवान आहे, ओलीने त्याला काही होत नाही."

"मला होतं ना, पप्पा."

मी जुना पेपर शोधला आणि खोकं नीट गुंडाळून तिच्या हातात दिलं.