चाळीस मिनिटांचा धूर

माझी आत्या सव्वीस उन्हाळे एकाच खोलीत उभी होती. टेकडीवरच्या लोखंडी मनोऱ्याच्या माथ्यावर, चारही बाजूंनी काचा असलेली ती खोली. मध्ये गोल टेबल, त्यावर नकाशा, नकाशावर फिरणारी पितळी पट्टी. रानात कुठे धूर दिसला की पट्टी तिकडे रोखायची, नकाशावर जागा शोधायची आणि अग्निशमन केंद्राला फोन करायचा, हे तिचं काम. खोलीत खुर्ची होती, पण तिच्यावर कायम पाण्याचा कॅन. "बसलं की पापणी जड होते," ती म्हणायची. डबासुद्धा काचेकडे तोंड करून उभ्यानंच खायची. सवय इतकी अंगात मुरलेली, की लग्नकार्यातही ती खिडकी शोधून तिच्याकडे तोंड करून बसे आणि वाढणाऱ्याला तिच्या पाठीशी बोलावं लागे.

धूर ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. बेकरीचा कुठला, लाकडाच्या गिरणीचा कुठला, ओल्या पाल्याचा कुठला, रंगावरून सांगायची. एकदा घरी आली आणि दारातच म्हणाली, "आज मागच्या अंगणात जुनी चप्पल कोणी जाळली?" बाबांनी जाळली होती. ते हसले. मला मात्र वाटलं, ही बाई आमच्या घरावर पाळत ठेवते.

मी संशयी आहे, लपवत नाही. शाळेत शिकवते, आणि कॉपी करणारं पोर मला त्याच्या मानेवरून कळतं. घरात मला फौजदार म्हणतात. हे नावही आत्यानंच ठेवलेलं.

गेल्या उन्हाळ्यात आग लागली तेव्हा सात महिने पाऊस नव्हता. गवत कमरेइतकं वाढून वाळलेलं. रानाच्या कडेनं गवत कापून मोकळा पट्टा ठेवायचा असतो, तो दोन वर्षं कोणी कापला नव्हता. माणसं कमी आहेत, असं वनखातं सांगायचं. पाण्याच्या टाकीखालच्या उतारावर, आमच्या घरांच्या मागे कुठेतरी आग सुरू झाली, आणि वाऱ्यानं ती दुपारपर्यंत अख्ख्या वस्तीवरून नेली. एकशे त्रेचाळीस घरं गेली. बाहेर पडायला एकच रस्ता, पुलावर गाड्या अडकल्या. नऊ माणसं मेली. त्यांतले एक माझे बाबा.

बाबा प्लंबर होते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी शाळेत होते म्हणून वाचले. ते बेकरीवाल्या काका-काकूंच्या घरात सापडले, तिघं एकत्र. काकूंना चालता येत नव्हतं. त्यांना काढायला बाबा परत फिरले, असं सगळे म्हणाले. शाळेच्या फाटकाशी नऊ नावांचा फलक लागला, तेव्हा लोक बाबांच्या नावापाशी जरा जास्त वेळ थांबत. मला ते बघून बरं वाटायचं. दुसरं काही उरलं नव्हतं.

मग संशयाचा बाजार सुरू झाला. कोणी विजेच्या तारांवर खापर फोडलं, कोणी सहलीला येणाऱ्यांच्या सिगारेटवर, कोणी गिरणीवाल्यावर. त्याचा विमा मोठा होता म्हणे. शेजारी शेजाऱ्याकडे चहा प्यायचा आणि बाहेर पडल्यावर त्याच्याबद्दल कुजबुजायचा. तेवढ्यात सहलीच्या एका जोडप्याच्या मोबाइलमध्ये फोटो निघाला. बरोबर अकरा वाजताचा. दोघं हसतायत, आणि त्यांच्या मागे टाकीखाली धुराची बारीक रेघ. आत्याचा फोन अग्निशमन केंद्रात पोचला तो अकरा चाळीसला.

चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत वस्ती रिकामी झाली असती.

चौकशी समिती आली. आत्याला विचारलं, धूर दिसला नाही का? ती म्हणाली, "माझं लक्ष नव्हतं." आणि पुढे मिठाची गुळणी धरून बसली. मी तिला ओळखते. जी बाई लग्नाच्या पंगतीत खिडकीकडे तोंड करून जेवते, तिचं लक्ष नव्हतं? म्हणजे खुर्चीवरचा कॅन त्या दिवशी खाली होता, ती झोपली होती, असंच मी धरून चालले. तिच्याविरुद्ध पहिला लेखी अर्ज मी दिला. सख्ख्या भाचीनं दिला म्हटल्यावर बाकीच्यांना जोर चढला, आणि आठवड्यात साठ सह्या झाल्या.

आत्याचं घरही जळलं होतं. ती आमच्याच शाळेत, सातवीच्या वर्गात राहायची. मी गावाबाहेर एक खोली भाड्यानं घेतली होती, पण तिला ये म्हटलं नाही. मधल्या सुट्टीत तिच्या वर्गावरून जाताना ती खिडकीकडे तोंड करून उभी दिसे. मी मान वळवून पुढे जायची.

दोन महिन्यांनी बाबांचा मोबाइल नंबर बंद करायला गेले. माझा स्वभाव, दुकानदाराला म्हटलं, शेवटच्या महिन्यातल्या फोनची यादी छापून दे. शेवटच्या दिवशी एकच फोन होता. दहा बावन्नला, आत्याच्या स्वतःच्या मोबाइलवर, दोन मिनिटं.

बाबांनी तिला आग लागल्याचं कळवलं होतं, आणि तरीही ती गप्प बसली. समितीनं फक्त मनोऱ्यावरच्या ऑफिसच्या फोनची चौकशी केली होती, हा फोन कोणाला ठाऊकच नव्हता. आता सुटत नाही ही, म्हणत मी तडक शाळेत गेले आणि कागद तिच्यासमोर धरला.

तिनं चष्मा लावला, वाचलं, आणि कागद माझ्याकडे परत दिला.

"फौजदार, वेळ बघ."

"दहा बावन्न. बघितलीय."

"धूर अकराला आला. आग लागायच्या आधी आगीची खबर कोण देतं?"

मी उभीच होते. तिनं बाकावरचे कपडे सरकवून मला जागा केली.

एक गोष्ट वस्तीत सगळ्यांना माहीत होती, फक्त समितीला आणि मला, फौजदाराला, कोणी सांगितली नव्हती. ती आत्यानं आता सांगितली. उन्हाळ्यात गवत जाळायला बंदी असायची, पण लोक जाळायचेच. मग आत्यानं आपल्यापुरती एक पद्धत पाडली होती. जाळायचं त्यानं आधी तिच्या मोबाइलवर कळवायचं, "आज आमचा धूर आहे," आणि पाण्याचा पाइप हातात धरून बसायचं. तिचं म्हणणं, चोरून जाळण्यापेक्षा सांगून जाळलेलं बरं. त्या जागेचा धूर ती मग वर कळवत नसे. कळवलं तर दंड, आणि पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही. बंदी मोडणारा प्रत्येक जण तिला सांगून मोडायचा. अर्जावर सह्या करणाऱ्यांत त्यातले निम्मे होते.

"तुझ्या बापाचा फोन होता," ती म्हणाली. "म्हणाला, लेकीनं तीन दिवस डोकं खाल्लंय. मागचं गवत वाढलंय, एखादी ठिणगी पडली तर घर जाईल म्हणते. अर्ध्या तासात उरकतो. मी म्हटलं, पाइप लावलास का? म्हणाला, प्लंबरला शिकवतेस का."

हे मी खरंच म्हटलं होतं. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. मला गवत कापून हवं होतं. त्यांच्या कमरेला वाकणं झेपत नाही हेही मला माहीत होतं, आणि तरी मी माणूस लावला नाही, नुसती बोलत राहिले.

"धूर पांढरा होता, बारीक. मी बघत होते," आत्या म्हणाली. "वीस मिनिटांनी मी फोन लावला, त्यानं उचलला नाही. वाटलं, हात ओले असतील. त्या दिवशी नळाचं पाणी अकराला बंद केलं होतं, हे मला नंतर कळलं. मग वारा फिरला, धूर काळा झाला, आणि मी कळवलं. तोपर्यंत चाळीस मिनिटं झाली होती."

"हे तू समितीला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? नऊ नावांतलं एक पुसा म्हणून? तो पळाला असता तर वाचला असता. मागे फिरला ना, काकूंसाठी. आणि धूर बघूनही न कळवणारी मीच आहे. दोष माझाच आहे, मी कुठं खोटं बोलतेय?"

"लक्ष नव्हतं म्हणालीस. ते खोटं आहे."

मी रडले. आधी बाबांसाठी, मग स्वतःची इतकी किळस आली की रडणंही थांबलं.

शेवटची सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. सगळी वस्ती आली होती. अध्यक्षांनी विचारलं, कोणाला काही सांगायचंय का? मी उठले. यादी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं: फोनची पद्धत, बाबांचा फोन, पाइप, माझे तीन दिवस. एक शब्द गाळला नाही. खाली सह्या करणारे बसले होते. एकानंही वर बघितलं नाही.

अध्यक्षांनी कागद उलटसुलट केला. "भावानं बहिणीला फोन केलाय, एवढंच यात दिसतं. फोनवर काय बोलणं झालं, याला पुरावा काय?" मग विचारलं, "अशी फोन करायची पद्धत होती, हे आणखी कोणाला माहीत आहे?" सभागृहात खुर्ची सरकल्याचाही आवाज झाला नाही. ते आत्याकडे वळले. "बाई, हे खरं आहे?"

आत्या उभी राहिली. पदर सारखा केला.

"फोन आला होता, साहेब. संध्याकाळी जेवायला ये म्हणाला. बाकी काही नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरीचा बाप गेलाय. कोणावर तरी संशय घेतल्याशिवाय तिला चैन पडत नाही. आधी माझ्यावर घेतला, आता त्याच्यावर घेतेय. लहानपणापासून अशीच आहे, कोणालाही विचारा."

खाली माना हलल्या. काही जण हसलेही, मायेनं. मला सगळे ओळखतात.

"म्हणजे तुमचं लक्ष नव्हतं," अध्यक्ष म्हणाले.

"नव्हतं."

कारकुनानं तिचा शब्द लिहून घेतला. माझा कागद त्यांनी मला परत दिला.