दोषांसहित शिफारस

छत्तीस वर्षांची झाली तरी घरात तिला छोटीच म्हणत. तिच्यानंतर त्या घरात कुणी जन्मालाच आलं नाही, त्यामुळे ते पद कधी रिकामं झालं नाही. ऑफिसात तिला मॉडेलबाई म्हणत. शहराच्या पाणीपुरवठा खात्याकडे सगळ्या जलवाहिन्यांचं एक संगणकावरचं मॉडेल होतं. कुठल्या रस्त्याखाली केवढा पाइप, व्हॉल्व्ह कुठे, कुठली टाकी किती उंचावर, हे सगळं त्यात भरलेलं, आणि ते चालवणारी ती एकटी. खात्यात नवा माणूस रुजू झाला की ‘मॉडेलबाई कुठे बसतात?’ असं विचारण्याआधी केसांवरून हात फिरवी, आणि दोन पडद्यांमागे चष्मा आणि राखाडी स्वेटर दिसला की निमूटपणे आपल्या टेबलाकडे वळे.

मॉडेलला प्रश्न विचारला की ते आकडा देई. प्रत्यक्ष पाइपवर दाब मोजला की दुसराच आकडा निघे. या दोन आकड्यांच्या मध्ये खात्याचे मुख्य अभियंता, म्हणजे साहेब, उभे असत. ते मॉडेलच्या आकड्याला ‘अनुभवाने’ गुणत, आणि उत्तर बहुतेक वेळा जमून जाई. जमतं कसं, हे कुणी विचारत नसे. जमलेल्या गोष्टीला कोण कशाला हात लावील? छोटीला मात्र तेच छळत असे. मॉडेलच्या पोटात जे गणित चाललेलं असतं ते तिला उघडून बघायचं होतं. बटणं तिला सगळी ठाऊक होती. पेटी मात्र बंद होती.

म्हणून तिने विद्यापीठात संगणकीय विज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करायचं ठरवलं.

“म्हणजे कॉम्प्युटर शिकणार?” आईने विचारलं. “तो तर तुला येतो.”

“कॉम्प्युटर नाही गं. पाणी, हवा, असल्या गोष्टींचं गणित त्याच्याकडून करून कसं घ्यायचं, ते.”

“म्हणजे कामाला माणूस ठेवलाय, आणि त्याला काम सांगायचं कसं हे शिकायला दोन वर्षं.”

“साधारण तसंच.”

“मग दोन वर्षं कमीच आहेत,” आई म्हणाली. तिने आयुष्यभर दादाला काम सांगून पाहिलं होतं.

वेळ मात्र फारसा नव्हता. खात्याची अभ्यासरजा सदतीस पूर्ण होईपर्यंतच मिळे, आणि छोटीला सदतिसावं लागलेलं होतं. यंदा जमलं तर जमलं; नाहीतर निवृत्तीपर्यंत बंद पेटीसमोर बसायचं. अर्जाला दोन शिफारसपत्रं हवी होती. एक कॉलेजातल्या गणिताच्या सरांनी पाठवलं. सर आता खूप थकले होते. त्यांनी लिहिलं, ‘ही विद्यार्थिनी मला आठवते.’ बाकी कुणीच आठवत नसल्यामुळे ही मोठीच स्तुती होती. दुसरं पत्र सध्याच्या कार्यालयप्रमुखांचं, म्हणजे साहेबांचं. ते आल्याशिवाय विद्यापीठ अर्ज उघडूनही बघणार नव्हतं.

“लिहून आणा, सही करतो,” साहेब म्हणाले.

“मी? माझ्याचबद्दल?”

“मग काय माझ्याबद्दल लिहिणार? बाई, सगळे असंच करतात. गेल्या साली हिशेब विभागातल्याने आणलं होतं. इतका गुणी निघाला की वाचताना मला वाटलं, याला एकदा भेटलं पाहिजे.”

रविवारी दुपारी छोटी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. समोर वहिनी तिसरीच्या मुलांची प्रगतिपुस्तकं भरत होती. दादा बिघडलेली इस्त्री उघडून बसला होता. बऱ्याच वेळाने छोटीने कागद पुढे सरकवला. ‘या वेळेवर येतात. यांचं काम समाधानकारक आहे.’

“हे शिफारसपत्र आहे की बसचं वेळापत्रक?” वहिनी म्हणाली. “सरक. मी सांगते, तू लिही.”

“स्वतःची स्तुती स्वतः कशी करायची?”

“तू कुठे करतेयस? साहेब करतायत. तुझं फक्त अक्षर.”

मग वहिनी विचारत गेली आणि छोटी सांगत गेली. पत्र दीड पान झालं. मॉडेल तिने एकटीने उभं केलं. हॉस्पिटलजवळची मुख्य वाहिनी फुटली तेव्हा कुठले व्हॉल्व्ह बंद करायचे हे तिने टेबलावरून सांगितलं, आणि हॉस्पिटलचं पाणी एक मिनिटही तुटलं नाही. नव्या वस्त्यांचे पाइप केवढे असावेत हे तीच काढते. सगळं खरं होतं. दादाने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“हे सगळं तू करतेस? मला वाटलं टायपिंग असतं.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पत्र घेतलं, आणि छोटीचं दुर्दैव असं की ते वाचलं. एरवी ते कागदाची फक्त खालची कड बघत, जिथे सही करायची असते तिथली. त्या दिवशी बैठक रद्द झाली होती. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“हे खरं आहे?”

“हो.”

“सगळं?”

“वाहिनी फुटली तेव्हा फोन तुम्हीच केला होता, साहेब.”

“केला होता खरा.” साहेबांनी पत्राची घडी घातली. “मग मला एक सांगा बाई. एवढ्या कामाच्या माणसाला मी सोडू कशाला? मी काय वेडा आहे?”

पत्र त्यांनी खणात ठेवलं आणि खण लावून घेतला. संध्याकाळपर्यंत छोटीच्या टेबलाशी हात टेकता येतील अशी खुर्ची आली. आठवडा संपायच्या आत तिच्या बढतीचा प्रस्ताव वर गेला. बारा वर्षांत मागून न मिळालेलं न मागता मिळालं, आणि मागितलेलं तेवढं राहिलं. लोक येऊन अभिनंदन करून जात. शेजारच्या टेबलावरचा ड्राफ्ट्समन, नकाशे काढणारा अबोल माणूस, एवढंच म्हणाला, “खुर्ची चांगली आहे. पण तुमचं तोंड का उतरलंय?”

अर्जाची मुदत संपायला दहाएक दिवस होते.

“चुकलं माझंच,” वहिनी घरी म्हणाली. “मी एकाच वाचकासाठी लिहिलं. हे पत्र दोघं वाचणार, हे डोक्यातच आलं नाही. विद्यापीठाला तू हवीशी वाटली पाहिजेस, आणि साहेबांना नकोशी.”

“असं कसं लिहिणार?”

“मी वर्षातून दोनदा लिहिते.” वहिनीने एक प्रगतिपुस्तक उचललं. “हे बघ. ‘वर्गातील चर्चेत उत्साहाने सहभागी होतो.’ आई वाचते, तिला वाटतं पोरगा हुशार. मुख्याध्यापिका वाचतात, त्यांना कळतं कार्टं गप्प बसत नाही. दोघींचं समाधान, आणि खोटं एक अक्षर नाही. चल, तुझे दोष सांग.”

छोटी विचारात पडली. पण या कामाला घरात मनुष्यबळाची टंचाई नव्हती.

“एका गोष्टीच्या मागे लागली की जेवायचं भान राहत नाही,” आई म्हणाली.

“हो म्हणून टाकावं तर ते नाही,” दादा म्हणाला. “मागे मी विचारलं, हा पंखा बरा आहे का. तर म्हणे, कशाच्या तुलनेत? मी पंखाच घेतला नाही.”

“आणि चूक झाली की सगळ्यांना सांगत सुटते. स्वतःची असली तरी,” आईने भर घातली.

“तेवढं पुरे,” छोटी म्हणाली.

“थांब गं, आत्ता कुठे सुरुवात आहे,” आई म्हणाली. अशी हक्काची संधी तिला फार दिवसांनी मिळत होती.

नवं पत्र अर्ध्या पानाचं झालं. ‘या कामात चोख आहेत, परंतु प्रश्न फार विचारतात. उत्तर बरोबर आलं तरी ते का आलं हे कळेपर्यंत यांचं समाधान होत नाही, व त्यात कार्यालयाचा वेळ जातो. वरिष्ठांचा अंदाज यांना पुरेसा वाटत नाही. स्वतःच्या चुका त्या आपणहून उघड करतात, ज्यामुळे कधी कधी अडचण होते. गणिताचा विषय निघाल्यास आवरणं कठीण जातं.’

साहेब वाचू लागले, आणि पहिल्या ओळीपासून त्यांची मान हलायला लागली.

“हे बरोबर. आता प्रामाणिक लिहिलंत. ‘वरिष्ठांचा अंदाज पुरेसा वाटत नाही’... वाटत नाहीच. किती वेळा सांगितलं तुम्हाला.” मध्येच ते थांबले. “पण मॉडेल कोण बघणार?”

“ड्राफ्ट्समनला शिकवते. त्याला पाइप पाठ आहेत.”

“तो बोलतो का?”

“फारसा नाही.”

साहेबांच्या चेहऱ्यावर दोन वर्षांच्या शांततेची छाया पसरली. त्यांनी पेन काढलं, सही केली, आणि अंगात लिहिण्याचा हुरूप आल्यासारखं खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: ‘एका आकड्यापायी यांनी खात्याची पंपाची खरेदी तीन आठवडे अडवून ठेवली होती.’ मग पत्र तिच्या हातात दिलं. “स्कॅन करून माझ्या ईमेलवरून पाठवायला सांगा.”

झेरॉक्सच्या यंत्रापाशी छोटीने ती ओळ वाचली. वहिनीच्या वाक्यांना निदान दोन बाजू होत्या. ही सरळसरळ तक्रार होती. कागद जरा खाली सरकवला असता तर शेवटची ओळ स्कॅनमध्ये आलीच नसती. सही त्या ओळीच्या वर होती. ती थोडा वेळ उभी राहिली. मागे लोक खोळंबले होते. तिने कागद सरळ लावला आणि झाकण पाडलं.

महिन्याभराने मुलाखतीला बोलावणं आलं. खोलीत एक लांब टेबल, पलीकडे बारीक कापलेल्या केसांच्या एक प्राध्यापिका आणि बिस्किट खाणारे एक प्राध्यापक. त्यांनी आधी गणितावर विचारलं. दोन प्रश्नांची उत्तरं तिला आली, एकाचं आलं नाही. तिने तसं सांगितलं. मग प्राध्यापिकांनी पत्र पुढे ओढलं.

“हे तुमच्या वरिष्ठांनी लिहिलंय?”

“शेवटची ओळ त्यांची. बाकीचं आम्ही घरी लिहिलं.”

बिस्किट खाणारे प्राध्यापक थांबले. छोटीला वाटलं, संपलं. आई म्हणते ते काही उगाच नाही.

“आकडा कुठला होता?” प्राध्यापिकांनी विचारलं.

“टेकडीच्या बाजूच्या एका चौकात मॉडेल शून्याच्या खालचा दाब दाखवत होतं. तसं असतं तर लोकांच्या नळांनी पाणी सोडायच्या ऐवजी हवा आत ओढली असती. सगळे म्हणाले, सोडा, पंप मागवा. मी म्हटलं, हे कळल्याशिवाय पंपाच्या कागदावर माझी सही नाही.”

“मग?”

“तीन आठवड्यांनी सापडलं. त्या चौकाची उंची भरताना दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती.”

“कुणाकडून?”

“माझ्याकडूनच. नवी असताना.”

“आणि पंप?”

“ठरला होता तोच घेतला. निर्णय बरोबरच होता.”

“म्हणजे तीन आठवडे फुकट गेले,” प्राध्यापक म्हणाले.

“साहेबांचं तेच म्हणणं आहे,” छोटी म्हणाली. “पण तोपर्यंत तो बरोबर आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. नुसतं वाटत होतं.”

प्राध्यापिकांनी काहीतरी लिहून घेतलं. प्राध्यापकांनी बिस्किटांची बशी तिच्या बाजूला सरकवली. ती शिष्टाचार म्हणून की आणखी कशासाठी, हे तिला कळलं नाही, आणि विचारायचा मोह तिने जन्मात पहिल्यांदा आवरला.

निकाल ऑफिसात असतानाच आला. तिने ईमेल दोनदा वाचली, वहिनीला फोन केला आणि रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेली.

“घेतलं?” साहेबांनी विचारलं.

“हो.”

“माझं पत्र वाचूनसुद्धा?”

“त्यावरच जास्त बोलणं झालं.”

साहेबांनी रजेचा अर्ज पुढे ओढला. आपल्या शब्दाला बाहेर एवढी किंमत असेल याची त्यांना कल्पना नव्हती, आणि ती किंमत उलटी निघावी याचंही वाईट वाटलं असावं. “असली माणसं मुद्दाम गोळा करतात म्हणायचं ते,” ते अखेर म्हणाले. मग अर्जावर पेन टेकवून थांबले. “दोन वर्षांनी परत येणार ना?”

“रजेच्या नियमात तसंच आहे.”

“नियम मीच लिहिलाय. तुमचं विचारतोय.”

“माहीत नाही, साहेब.”

साहेबांनी मान हलवली, जणू वेगळं उत्तर आलं असतं तर त्यांना शंका आली असती, आणि सही केली. एवढ्यात ड्राफ्ट्समन नकाशाची गुंडाळी घेऊन दारात आला.

“साहेब, नव्या टाकीची उंची नकाशात एक आहे आणि ठेकेदाराच्या कागदात दुसरी. फरक थोडासाच आहे. कुठली तरी एक धरू, की जाऊन मोजून येऊ?”

बारा वर्षांत त्याने साहेबांशी केलेलं हे सगळ्यात लांब भाषण होतं. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग छोटीकडे.

“किती दिवस शिकवताय याला?”

“मुलाखतीच्या आधीपासून.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि सही केलेला अर्ज तिच्याकडे दिला.

“जा, मोजून ये,” ते ड्राफ्ट्समनला म्हणाले. “पण शुक्रवारच्या आत.”